अकरा वाजताचा भाव

"तीन हजार दोनशे दाखवतंय. घेऊन टाका," बायको म्हणाली.

खरेदीसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे बघितलं. पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी विभाग सांभाळणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीशेजारी उभं राहून 'घेऊन टाका' म्हणायचं म्हणजे जरा अतीच झालं.

"हा पहिला भाव आहे," ते म्हणाले. "पहिल्या भावाला फक्त दोन माणसं घेतात. एक गरजू आणि दुसरा मूर्ख."

"मग आपण गरजू आहोतच की."

"आहोत. पण ते त्यांना कशाला कळू द्यायचं?"

गरज खरोखरच होती. एकुलती एक लेक रस्त्याने दीड दिवसाच्या अंतरावर राहत होती आणि तिचं पहिलंच बाळंतपण होतं. डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरची अठरा तारीख दिली होती. एरवी कशाला न घाबरणारी ती पोर फोनवर बारीक आवाजात म्हणाली होती, "बाबा, मला आत नेतील ना, त्याच्या आधी तुम्ही दोघं मला दिसायला हवेत. नुसतं दारात उभे राहिलात तरी चालेल." "आलोच समज," ते म्हणाले होते. बारा तारखेला निघायचं, सहा दिवस हाताशी ठेवायचे, असं तिथल्या तिथे ठरलं. तिकडे जाणारं स्वस्त विमान एकच होतं, संध्याकाळी पाच दहाचं. म्हणजे काढायची होती फक्त दोन तिकिटं. शहाण्या माणसाला पाच मिनिटांचं काम.

पण खरेदीसाहेब नुसते शहाणे नव्हते, अतिशहाणे होते. त्यांच्या घरात नजर फिरवली तरी हे कळायचं. फ्रिजला एका अंगाला पोचा होता, म्हणून ते अंग भिंतीकडे होतं. सोफ्याचा रंग दुकानात दोन वर्षं कोणी घेतला नव्हता, तो यांनी घेतला. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि त्यांतली एक भलत्याच घराण्यातली होती. बायकोने तीस वर्षांत या घरात स्वतःच्या पसंतीची एक वस्तू आणली नव्हती, कारण पसंतीच्या वस्तूचा भाव उतरायची वाट बघता बघता ती विकली जायची. खरेदीसाहेबांचं तत्त्व ठरलेलं होतं. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तक्ता करायचा, घाई दाखवायची नाही आणि शेवटच्या दिवसापर्यंत ताणायचं. शेवटच्या दिवशी विकणारा मोडतोच.

चौथ्या दिवशी तिकीट दोन हजार नऊशे झालं. खरं तर इथेच घात झाला. त्या दिवशी भाव वाढला असता, तर माणूस घाबरून दोन तिकिटं काढून मोकळा झाला असता आणि ही कथा लिहायचे माझेही कष्ट वाचले असते.

"बघितलंस?" खरेदीसाहेब म्हणाले. "मोडायला लागले."

"मग आता तरी घ्या!"

"आता? आता तर ते उतरायला लागलेत. उतरत्या भावात कोणी घेतं का?"

"आणि चढत्यात?"

"चढत्यात तर मुळीच घेत नाही."

"मग घेतं कधी?" बायकोने विचारलं. खरेदीसाहेबांनी पेपर उघडला.

पुढच्या आठवड्यात भाव साडेतीन हजारांवर गेला. खरेदीसाहेबांनी सरळ विमान कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला.

"बोला सर, काय मदत करू?"

"बारा तारखेच्या दोन सीटा हव्यात. तुमचा शेवटचा भाव सांगा."

"सर, तीन हजार पाचशे चाळीस."

"ते स्क्रीनवर आहे. ते सगळ्या जगाला. मला कितीला द्याल?"

"सर, भाव सगळ्यांना सारखाच असतो."

"कसा असेल? काल मेहुण्याला तीन हजार चारशे दाखवत होतं."

"सर, काल होता."

"मग कालच्या भावाने लावा. मी काही परका नाही, आठवडाभर बघतोय तुमच्याकडे."

"सर, भाव मी नाही ठरवत."

"मग जो ठरवतो त्याला द्या फोन."

"सर, यंत्रणा ठरवते."

"बरं. यंत्रणेचे साहेब कोण?"

मुलीने पुन्हा संगीत लावलं. खरेदीसाहेबांनी आणखी चाळीस मिनिटं ते ऐकलं, कारण ती साहेबांना शोधायला गेली आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

यंत्रणेला साहेब नाही, हे कळल्यावर दुसरा एखादा माणूस दमला असता. खरेदीसाहेबांना उलट स्फुरण चढलं. त्यांना कोणीतरी सांगितलं की, एकच माणूस सारखा बघायला लागला की वेबसाईट त्याला ओळखते आणि गरजू समजून भाव चढवते. झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदी विभागाच्या बाराही माणसांना केबिनमध्ये बोलावलं.

"एकाच विक्रेत्याकडून तीन भाव कसे मागवायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "माझं उत्तर असं, की गिऱ्हाईकं वेगवेगळी दाखवायची. तुम्ही बारा जण रोज बरोब्बर अकरा वाजता, आपापल्या फोनवर, बारा तारखेच्या दोन-दोन सीटांचा भाव काढायचा."

"काढला की लगेच बंद करायचं ना साहेब?" मुख्य कारकुनाने विचारलं.

"छे! वरवरचा भाव काय कामाचा? आत कर निघतात, बॅगेचे पैसे निघतात, खिडकीचे निघतात. थेट पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं. नावं घालायची, वयं घालायची आणि अगदी शेवटचा आकडा उतरवून घ्यायचा. पैसे मात्र भरायचे नाहीत."

"नावं कोणाची घालायची?"

"आमचीच घाला. सवय राहील."

मुख्य कारकून हा गृहस्थ सांगितलेल्या कामात काडीचीही कसूर न करणारा होता. त्याने तक्ता आखला. डाव्या बाजूला बारा जणांची नावं, वर तारखा. दहा एकोणसाठला तो हात वर करायचा, अकराच्या ठोक्याला खाली आणायचा आणि बारा अंगठे कामाला लागायचे. अकरा पाचला तक्ता केबिनमध्ये. पंपाच्या नटबोल्टांची फाईल दोन-दोन महिने न हलणाऱ्या त्या विभागात हे एक काम मात्र मिनिटावर चालायचं.

आणि रोज भाव चढताच दिसायचा. पहिल्या माणसाला साडेतीन, चौथ्याला चार, आठव्याला साडेचार, बाराव्याला पाच हजार दोनशे. खरेदीसाहेबांना यातून एकच अर्थ दिसला, की विमान कंपनी माणसं बघून भाव सांगते आणि बारावा कारकून तोंडावरूनच श्रीमंत दिसतो. त्यांनी त्याला पहिल्या नंबरला आणलं. तेव्हा मुख्य कारकून श्रीमंत दिसायला लागला.

घरी वेगळाच प्रकार चालला होता. बायकोची कामं साडेअकराला उरकायची. मग ती ओले हात पुसून फोन घ्यायची आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायची, "आज दोन हजार सातशे होतं."

"कसं शक्य आहे? माझ्याकडे बारा माणसांचा लेखी पुरावा आहे. पाच हजार दोनशे!"

"मी साडेअकराला बघितलं."

"मी अकराला बघितलं. अर्ध्या तासात काय विमान लहान झालं?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं हो."

"तुला भाव बघता येत नाही. कर धरला नसशील, नाहीतर भलत्याच गावाचं बघितलं असशील. हे तज्ज्ञाचं काम आहे."

तीन-चार वेळा असं झाल्यावर बायकोने सांगायचं सोडलं. खरेदीसाहेबांना वाटलं, पटलं तिला. तीस वर्षांच्या संसारानंतरही बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मानणारे नवरे आहेत, त्यांना देव बघून घेवो.

दिवस सरले. तक्ता भरला, दुसरा चिकटवला. पाच हजारांचे सहा झाले, सहाचे आठ. खरेदीसाहेबांची झोप गेली. त्यांना आता दोन्ही बाजूंनी मरण होतं. घेतलं तर दोन हजार नऊशेचं तिकीट आठ हजारांना घेतलं म्हणून आपल्याच विभागात तोंड दाखवायला जागा नाही. नाही घेतलं तर लेकीचं ते 'नुसतं दारात उभे राहिलात तरी चालेल' कानातून जात नव्हतं. तिचा फोन आला की ते आधी बायकोकडे द्यायचे. "बाबा, तिकीट झालं ना?" असं तिने विचारलं की, "अगं, जवळजवळ झालंच," म्हणायचे आणि बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. त्यांना स्वतःची चीड यायची, पण सकाळी अकरा वाजले की हात पुन्हा तक्त्याकडेच जायचा. एक आशा उरली होती. शेवटचा दिवस. रिकामी सीट घेऊन विमान उडालं तर नुकसान त्यांचं. बारा तारखेला सकाळी ते मोडणारच.

बारा तारखेला सकाळी निघताना बायकोने फक्त, "डबा नको ना आज?" एवढंच विचारलं. दहा पन्नासला केबिनमधला फोन वाजला. जावई होता. आवाज धापा टाकल्यासारखा.

"बाबा, हिला पहाटेपासून कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आजच होईल. तुम्ही आज येताय ना? ती सारखी दाराकडे बघतेय."

"येतोय," खरेदीसाहेब म्हणाले आणि त्यांनी वेबसाईट उघडली. नऊ हजार आठशे. त्या क्षणी त्यांना तो आकडा आकडा वाटलाच नाही. त्यांनी स्वतःचं नाव घातलं, वय घातलं, बायकोचं नाव घातलं. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा घातलं. बायकोला फोन लावला, तो तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तेवढ्यात बाहेर भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि मुख्य कारकुनाने हात खाली आणला.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली: भाव बदलला आहे. चौदा हजार दोनशे. खरेदीसाहेबांनी 'मान्य' दाबेपर्यंत पुन्हा आली. सोळा हजार नऊशे. पुन्हा दाबलं. एकोणीस हजार चारशे. त्यानंतर आकडाच आला नाही. या विमानात जागा शिल्लक नाहीत.

ते केबिनचं दार उघडून बाहेर धावले. "संपलं! सगळं संपलं! जागाच नाहीत!"

"दोन मिनिटं साहेब," मुख्य कारकून मान वर न करता म्हणाला, "मी पैसे भरायच्या पानावर आहे. मला मिळाल्यात दोन. एकोणीस चारशे."

"मलाही दोन आहेत साहेब. सोळा नऊशे," दुसरा म्हणाला.

"माझ्याकडे नऊ आठशेच्या आहेत!" तिसरा अभिमानाने म्हणाला.

या आरडाओरड्याने शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरबाई बाहेर आल्या. कारखान्यातली सगळी यंत्रं या एकट्या बाईंच्या धाकात असायची. त्यांनी दोन फोन बघितले, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि कपाळाला हात लावला.

"कधीपासून चाललंय हे?"

"सात आठवडे," मुख्य कारकून म्हणाला. "एकही खाडा नाही."

"साहेब, विमानात भावाचे गठ्ठे असतात," कॉम्प्युटरबाई म्हणाल्या. "स्वस्त सीटा थोड्या. त्या गेल्या की पुढचा गठ्ठा महाग, त्यापुढचा आणखी महाग. आणि पैसे भरायच्या पानावर गेलात की ती सीट पंधरा मिनिटं तुमच्यासाठी अडते. तुमची बारा माणसं रोज अकराला चोवीस सीटा अडवतात. यंत्रणेला वाटतं, अख्खं गाव निघालंय. भाव चढवणारे तुम्हीच आहात हो!"

"आणि... साडेअकराला?" खरेदीसाहेबांनी कसंबसं विचारलं.

"साडेअकराला सगळं सुटतं. भाव पुन्हा खाली."

बारावा कारकून, ज्याला सात आठवडे श्रीमंत चेहऱ्याचा म्हणून छळलं होतं, त्याने फक्त एकदा साहेबांकडे बघितलं. खरेदीसाहेब समोरच्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या विक्रेत्यांना घाम फोडला होता, आणि इथे सात आठवडे ते स्वतःशीच घासाघीस करून हरत होते. "माझी पोर दाराकडे बघतेय," ते म्हणाले. "मोडा ते सगळं. सोडा सीटा."

"बंद करून सुटत नाहीत. पंधरा मिनिटं बसावं लागेल," कॉम्प्युटरबाई म्हणाल्या.

ती पंधरा मिनिटं चौदा माणसं एका फोनभोवती उभी होती. अकरा सतराला स्क्रीन हलली. एकोणीस हजार चारशे. खरेदीसाहेबांचं बोट पुढे झालं आणि आकडा बदलला. सोळा हजार नऊशे. मग चौदा हजार दोनशे. आयुष्यभर ज्या क्षणाची त्यांनी वाट बघितली होती, तो हा. भाव त्यांच्या डोळ्यांसमोर, पायरी पायरीने, स्वतःहून खाली येत होता.

"थांबा साहेब!" मुख्य कारकून कुजबुजला. "उतरतोय!"

"उतरतोय साहेब, थांबा!" बाकीचे म्हणाले. त्यांचं काय चुकलं? त्यांना शिकवलं होतं कोणी?

खरेदीसाहेबांचं बोट हवेत राहिलं. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दाबलं. दोन सीटा, अठ्ठावीस हजार चारशे, रद्द केल्यास परतावा नाही. पैसे गेल्याचा टिंग असा आवाज आला आणि पुढच्याच क्षणी मुख्य कारकुनाच्या फोनवर नऊ हजार आठशे दिसायला लागलं. सगळा विभाग एकदम हळहळला, मयताला आल्यासारखा. कॉम्प्युटरबाईंनी तेवढ्यात दोघांचं चेक-इनही उरकून सीट नंबर हातात दिले, चार अ आणि चार ब.

घरी पोचतात तर दाराला कुलूप. शेजारीण किल्ली आणि एक बॅग घेऊन बाहेर आली.

"ताई गेल्या की विमानतळावर. अकराच्या आधीच निघाल्या. ही तुमची बॅग. म्हणाल्या, ते येतीलच धावत, त्यांना ही द्या."

"विमानतळावर? पण तिचं तिकीट तर माझ्या खिशात आहे!"

"ते मला काय माहीत? त्यांच्याही पर्समध्ये होतं."

विमानतळावर बायको एका खांबापाशी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच विमानाने जाणारी ती बाई पाच तास आधी येऊन बसली होती, आणि वाटेतल्या गोंगाटात पर्समधला फोन तिला ऐकू आला नव्हता. कळा सुरू झाल्याचं तिला इथे आल्यावर लेकीला फोन केला तेव्हा कळलं होतं. तिचे डोळे लाल होते.

"तू तिकीट काढलंस?" खरेदीसाहेब धापा टाकत म्हणाले.

"तीन आठवडे झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर रद्द करायला लावलं असतंत. अजून उतरेल म्हणून."

हे खरं होतं. पण जित्याची खोड. "कितीला?"

"दोन हजार सहाशे चाळीस."

खरेदीसाहेबांनी खांब धरला. "मग माझं का नाही काढलंस?"

"दोन मागितली की दोन्ही तीन हजारांची दाखवत होतं. एकच मागितलं की सव्वीसशे चाळीस. मी म्हटलं, स्वस्तातलं एक घेऊन ठेवावं, दुसऱ्याला घाई दाखवू नये. आणि खरं सांगू? तुला भाव बघता येत नाही म्हणालात ना, त्याचा राग आला होता. खिडकी पण घेतलीय मी. तेविसावी रांग."

मग त्यांनी आपली अठ्ठावीस हजारांची गोष्ट सांगितली. भाव उतरत असताना दाबलं, हेही सांगितलं. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. विमान कंपनीच्या तिकीटखिडकीवरच्या बाईंकडे त्यांनी एक तिकीट परत करायचा प्रयत्न केला. परत मिळणार होते तीनशे दहा. "त्यापेक्षा राहू दे!" खरेदीसाहेब तडकले. "चौदा हजार दोनशेची सीट आहे. रिकामी नेईन, पण देणार नाही. तू चारमध्ये ये."

"मी माझ्या खिडकीत बसणार," बायको म्हणाली.

आणि तसंच झालं. खरेदीसाहेब चौथ्या रांगेत, शेजारी चार ब मोकळी, बायको तेविसाव्या रांगेत. पाच वाजून दहा झाले. दार काही लागेना. मग कर्ण्यावरून बायकोचं पूर्ण नाव पुकारलं गेलं. "या प्रवाशांनी ताबडतोब विमानात यावं. आम्ही आपली वाट बघत आहोत."

"अहो, मी आलेय!" तेविसाव्या रांगेतून आवाज आला.

हवाई सुंदरी धावत गेली, कागद बघितला. "नाही मॅडम, तुम्ही तेवीसच्या. आम्ही चार ब च्या बाईंना शोधतोय."

"त्या पण मीच."

"म्हणजे दोन्ही तुम्ही?"

"मी एकच आहे गं. तिकिटं दोन आहेत."

"का पण?"

बायकोने चौथ्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळ्या विमानाच्या माना तिकडे वळल्या.

"सर, चार ब चं चेक-इन झालंय आणि प्रवासी नाही," हवाई सुंदरी म्हणाली. "कागदावर एकशे एकाहत्तर माणसं आहेत, मोजली तर एकशे सत्तर. हिशोब जुळल्याशिवाय दार लावता येत नाही. ते तिकीट रद्द करू का?"

"अजूनही तीनशे दहाच मिळतील का?" खरेदीसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"अरे, काढा त्या बाईला खाली आणि निघा!" मागून एक जाडसर गृहस्थ ओरडला.

"कुठल्या? बसलेल्या की न आलेल्या?" दुसऱ्याने विचारलं.

खालून दोन कर्मचारी कागद घेऊन आले. पुन्हा माणसं मोजली. सामान तपासलं. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. खरेदीसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकाच्या किमतीत दोन मिळवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने आज दोनाच्या किमतीत एक बायको आणली होती, आणि तीही शेजारी नव्हती. पैसे गेले तर गेले, त्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. तिकडे पोर दाराकडे बघत असेल आणि दारात कोणी नसेल, याने त्यांचा जीव तुटत होता. दोन महिने होते हातात. तीन हजार दोनशेला सगळं झालं असतं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा," जावई रडत होता की हसत होता कळेना. "झालं. मुलगी. दोघी छान आहेत. ऐका, ऐका..."

आणि मग तो आवाज आला. बारीक, चिडका, सगळ्या जगावर रागावलेला. खरेदीसाहेब उभेच राहिले. त्यांना मागे धावायचं होतं, पण मधल्या वाटेत कर्मचारी कागद पसरून उभे होते. त्यांनी फोन पाचव्या रांगेतल्या माणसाच्या हातात कोंबला. "मागे द्या. तेवीसला. माझी बायको आहे. नात झालीय आम्हाला!"

पाचव्याने सहाव्याला दिला. देता देता त्याने क्षणभर कानाला लावला. सहाव्याने पण लावला. मग प्रत्येक रांगेत तसंच व्हायला लागलं. मघाशी 'काढा त्या बाईला' म्हणणाऱ्या जाडसर गृहस्थाने तर फोन इतका वेळ धरून ठेवला, की मागच्यांनी त्याला ढोसलं. "फार रडतेय हो," तो डोळे पुसत म्हणाला आणि पुढे सरकवला.

बायकोपर्यंत फोन पोचला तेव्हा पलीकडे लेक होती. थकलेली, झोपाळलेली.

"आई, झालं गं सगळं. आता उगाच धावपळ करू नका. विमान सुटलं नसेल तर राहू दे, आठवड्याने या. तोवर भाव उतरेल."

बायकोने मान उंच करून पुढे बघितलं. चौथ्या रांगेत खरेदीसाहेब मागे तोंड करून उभे होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"नाही गं बाई," ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी आज भाव उतरत असताना तिकीट घेतलंय. असा दिवस परत यायचा नाही. आम्ही येतोय."